ऑर्डर थांबवलीय, रागावू नका, आधी हे वाचा

प्रति,
आपल्या फॅन मंडळाची लेबल समिती,
आणि त्या रविवारी ज्यांनी ज्यांनी हात वर केले ते सगळे

मंडळी नमस्कार,

तुमची १२० लेबलांची ऑर्डर मी अजून मशीनवर घेतलेली नाही. पैशाचा विषय नाही, ॲडव्हान्स कधीच मिळाला, स्टिकर शीट आणून ठेवली आहे, फाईल पण नीट ओपन होते. परवा समितीतल्या एकाने फोन करून विचारलं, 'काय भाऊ, कटर बिघडला का?' तर मी हो हो करून टाळलं, ते खोटं होतं, कटर एकदम टकाटक आहे. मीच थांबवलंय. ग्रुपवर टाकलं असतं तर चाळीस अंगठे आणि दोन गुड मॉर्निंगच्या खाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून राहिलो. प्रदर्शन पण शेवटी सगळ्या नागपूरकरांसाठीच आहे ना, त्यांनाही कळू द्या आपण पाट्यांवर काय लिहिणार होतो ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही वीस-पंचवीस जण, कॉमिक्स, सिनेमे, सिरीज, ॲनिमे, जे हाताला लागेल ते वाचणारे-बघणारे, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गोकुळपेठेत एका ताईंच्या गच्चीवर जमतो, तर्री पोहे खातो आणि भांडतो. यंदा ठरलं की नुसतं भांडून काय होते, एक प्रदर्शन करू, कॅरेक्टरांचे कटआउट लावू आणि प्रत्येकाच्या खाली लेबल लावू. नाव, प्रकार, बाजू, आणि असेल तर शेरा. प्रकार म्हणजे माणूस, म्युटंट (जन्मापासून अंगात शक्ती असलेले), देव, एलियन, रोबो वगैरे, आणि बाजू म्हणजे हिरो, व्हिलन, अँटीहिरो. कल्पना मला आवडली होती, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल हा आधीपासूनच नाराज होता.

आता माझं कामच लेबलं छापायचं आहे. सीताबर्डीत जिन्याखाली दुकान, अठरा वर्षं झाली. संत्रा बर्फीचे डबे, सावजी मसाल्याच्या पुड्या, लोणची, पापड, आजकाल घरगुती साबण पण, सगळ्यांची लेबलं आपल्याकडून जातात. १२ बाय १८ ची शीट, त्यावर सेटिंग, प्रिंट, लॅमिनेशन, मग हाफ कट, म्हणजे वरचा स्टिकर कापला जातो आणि खालचा कागद अखंड राहतो. ब्लेडचं प्रेशर जरासं जास्त झालं की खालचा कागद पण कापला जातो आणि अख्खी शीट हातात तुकडे तुकडे होऊन येते, जरासं कमी झालं की गिऱ्हाईक नखाने खरवडत बसते आणि मला शिव्या देते.

साध्या बर्फीच्या डब्यावर काय काय लागतं बघा. नाव, आत काय काय घातलंय ते, वजन, कधी बनवलं, कधीपर्यंत खायचं, किंमत, चौदा आकडी लायसन्स नंबर, हिरवा ठिपका, आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता. नवीन गिऱ्हाईक हमखास म्हणते, 'भाऊ पत्ता नको टाकू ना, जागा खाते, डिझाईन खराब होते.' मी म्हणतो मग लेबल नको लावू, डब्यावर पेनाने बर्फी लिही आणि दे. कारण खाणाऱ्याच्या पोटात दुखलं तर त्याने कोणाला धरायचं? कोणी म्हटलं ही संत्र्याची आहे? आणि कधी म्हटलं?

तुमची फाईल उघडली, एकशे वीस लेबलं एकामागून एक बघितली, आणि एकावरही ते नव्हतं. कोण म्हणतं ते नाही, कधीपासून म्हणतं ते नाही. नुसतं ठासून 'म्युटंट नाही'. जसं काही डॉक्टरने रक्तगट काढून दिला.

ज्या वहीत हे सगळं ठरवून लिहिलं, तिच्याबद्दल थोडं बोलू. समितीने इतवारीतून ती लाल कापडी बांधणीची चोपडी आणली, व्यापाऱ्यांची असते तशी, पहिल्या पानावर कोणीतरी श्री पण काढला, आणि रकाने पाडले. अनुक्रमांक, नाव, आणि तिसऱ्या रकान्यावर गमतीत लिहिलं 'जात'. हसले सगळे. मग एका मेंबरने (मी नाव घेत नाही, तो त्या दिवशी पोहे अर्धे टाकून उठला होता) शांतपणे व्हाइटनर मागितला आणि ते पुसून 'प्रकार' लिहिलं. आजही ते पान उजेडात धरलं तर खालचं अक्षर दिसते. मी तेव्हा काही बोललो नाही, आता बोलतो. ज्या गावात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी जन्माने चिकटवलेलं लेबल स्वतःच्या हाताने काढून फेकलं, दुसरं स्वतः निवडलं, तिथे बसून आपण रकाना पाडतो आणि कोणाला काय म्हणायचं ते हात वर करून ठरवतो, हे थोडं तरी टोचायला पाहिजे होतं.

वर आणखी गंमत म्हणजे त्याच वहीत एक्स-मेनची, म्हणजे मार्वल कंपनीच्या कॉमिक्समधल्या म्युटंट टोळीची, पंधरा नावं आहेत! ज्यांनी ती कॉमिक्स वाचली त्यांना माहीत आहे की त्या गोष्टीत सरकार म्युटंट लोकांची नोंदणी करायचा कायदा आणते आणि ते बिचारे त्याच्याविरुद्ध लढतात. आणि आपण त्यांचेच फॅन, त्यांचेच टी-शर्ट घालून, त्यांची नोंदणी करून राहिलो. चोपडीत. अनुक्रमांक टाकून.

बरं, आता मुद्द्याच्या भांडणाकडे. वांडा, म्हणजे मार्वलचीच स्कार्लेट विच. ११ विरुद्ध ८ मतांनी ठरलं, 'म्युटंट नाही'. अकरा जण म्हणतात नवीन कॉमिक्समध्ये स्पष्ट सांगितलंय, विषय संपला. आठ जण म्हणतात आम्ही लहानपणापासून म्युटंट म्हणूनच वाचली. दोन्ही पार्ट्या घसा फोडून ओरडल्या आणि दोन्ही बरोबर होत्या, हेच तर दुखणं आहे. १९६४ मध्ये ती आणि तिचा भाऊ पहिल्यांदा आले तेच मॅग्नेटो नावाच्या म्युटंट व्हिलनच्या टोळीत, आणि त्या टोळीच्या नावातच म्युटंट शब्द होता. १९८२ च्या सुमारास सांगितलं की मॅग्नेटो त्यांचा बाप आहे. तीसेक वर्षं तो बाप राहिला, लोकांनी त्यावर अख्खं आयुष्य काढलं, आणि २०१४-१५ मध्ये कंपनीने सांगितलं की तो बाप नाही आणि हे दोघं म्युटंट पण नाहीत, एका शास्त्रज्ञाने त्यांच्यावर प्रयोग केले होते. सिनेमात तर आणखीच वेगळं. २०१५ च्या ॲव्हेंजर्समध्ये त्यांना 'एन्हान्स्ड' (शक्ती वाढवलेले) म्हटलं, म्युटंट हा शब्दच नाही. का नाही? गोष्टीत काही कारण होतं म्हणून नाही. एक्स-मेनचे सिनेमाचे हक्क दुसऱ्या स्टुडिओकडे, फॉक्सकडे होते म्हणून. डिस्नेने फॉक्स घेतलं २०१९ ला, त्याच्यानंतर हळूहळू तो शब्द या सिनेमांत यायला लागला, २०२२ मध्ये कमला खानच्या सिरीजमध्ये आला, आणि तीच कमला कॉमिक्समध्ये आली तेव्हा इनह्युमन, म्हणजे म्युटंटपेक्षा वेगळ्याच जमातीची होती. म्हणजे पोरगी कोण आहे हे तिच्या रक्तावर नाही, वकिलांच्या फाईलवर ठरलं.

यात 'खरं काय' असं विचारणारा माणूस मला आपल्या झिरो माईलपाशी उभा राहून 'खरंच हा भारताचा मध्य आहे का' विचारणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. दगड सर्व्हेवाल्यांचा, १९०७ चा, त्यांच्या मोजणीच्या कामाचा. मध्य आपण म्हणतो. दगड काही म्हणत नाही.

आणि वकिलांवरून आठवलं, ही गोष्ट तर सगळ्या समितीने फ्रेम करून लावावी. अमेरिकेत तेव्हा बाहेरून आणलेल्या बाहुलीवर १२ टक्के ड्युटी होती आणि खेळण्यावर ६.८ टक्के. फरक काय, तर माणसाची प्रतिकृती असेल तर बाहुली, माणूस नसलेलं काही असेल तर खेळणं. मार्वलची खेळण्यांची कंपनी, टॉय बिझ, कोर्टात गेली आणि म्हणाली की आमचे एक्स-मेन ही माणसं नाहीत हो, खेळणी आहेत, ड्युटी कमी लावा. आणि २००३ ला जिंकली! विचार करा, चाळीस वर्षं ज्या कॉमिक्सने पानोपानी ओरडून सांगितलं की म्युटंट पण माणसंच आहेत, त्यांच्याच कंपनीने पाच टक्क्यांसाठी कोर्टात सांगितलं की नाहीत. फॅन लोक केवढे चिडले तेव्हा. आता मला सांगा, तुमच्या 'प्रकार' रकान्यात एक्स-मेनमधल्या वुल्व्हरिनपुढे तुम्ही 'म्युटंट' लिहिलंय, माणूस हा शब्द नाही, म्हणजे नकळत तुम्ही त्या कोर्टाच्याच बाजूने हात वर केला की. मी कोणाची खोडी काढत नाही, पण कोर्टाचं मत कोर्टाच्या नावाने लिहा ना, कॉमिक्सचं कॉमिक्सच्या नावाने.

आपल्या मंडळातल्या काकांनी हट्टाने कर्ण पण यादीत घातला. (महाभारताला फिक्शनल युनिव्हर्स म्हणायचं का यावर मी तोंड उघडणार नाही, घरी आई हे वाचणार आहे.) पण बरं झालं घातला, कारण या सगळ्या भानगडीत सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा वाद तोच. वहीत लिहिलंय 'कौंतेय'. मतदान पण झालं नाही, काका म्हणाले हे तर सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यांना म्हणजे कोणाला, काका? आपल्याला. वाचणाऱ्याला पहिल्यापासून माहीत. रंगभूमीवर कृपाचार्य कुळ विचारतात तेव्हा तिथे उभ्या असलेल्यांत एका कुंतीला माहीत, आणि ती गप्प. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो, म्हणजे त्याने पण एक लेबलच लावलं, गरम गरम. मग अधिरथ धापा टाकत येतो, कर्ण सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडतो, आणि भीम म्हणतो जा, चाबूक घे हातात. पाच मिनिटांत तीन लेबलं. आणि पुढे कृष्ण येऊन खरं सांगतो, तू कुंतीचा, चल, राज्य तुझंच, तेव्हा कर्ण काय म्हणतो? म्हणतो राधेने मला दूध पाजलं, अधिरथाने संस्कार केले, मी त्यांचा. वर कृष्णालाच सांगतो की हे युधिष्ठिराला सांगू नको. पांडवांना तर युद्ध संपल्यावर, तो मेल्यावर कळलं. म्हणजे सत्य कोणाला कधी कळलं यावरच अख्खी गोष्ट उभी आहे, आणि आपण त्यातलं कोण आणि कधी उडवून एक शब्द छापणार, तो पण असा शब्द जो त्या माणसाने स्वतः समोर आलेला असताना नाकारला. मला हे छापवत नाही. 'जन्माने कौंतेय, कृष्ण आणि कुंती सांगतात. स्वतःच्या तोंडाने राधेय.' हे छापतो, आनंदाने छापतो, सोनेरी फॉइल मारून देतो.

आता कोणी म्हणेल मग काय, ज्याला जे वाटेल ते लिहायचं का, उद्या कोणी जोकरला 'समाजसेवक' लिहिल. नाही ना राजेहो. मी त्या 'सगळ्यांचंच बरोबर' पार्टीतला नाही, त्या पार्टीचा तर मला जास्त वैताग आहे. ध्रुवचं घ्या. सुपर कमांडो ध्रुव, हिंदीतल्या राज कॉमिक्सचा हिरो, १९८७ पासूनचा, आमच्या लहानपणी मोरभवनजवळ एका टपरीवर रुपया भाड्याने मिळायचा, पान फाटलं तर आणखी आठ आणे. त्याच्यापुढे कोणीतरी 'सुपरपॉवर: मन वाचणे' लिहून आणलं होतं. कुठे वाचलं बावा? पोरगा सर्कशीत वाढला, प्राण्या-पक्ष्यांशी बोलतो, डोकं वापरतो, अंगात सुपरपॉवर नाही, आणि हीच तर त्याची शान होती, आम्ही त्याच्यामागे पागल होतो ते याच्यासाठीच. तिथे समितीने खाडकन काट मारली, एकदम बरोबर केलं. पुस्तक उघडून जे चूक दाखवता येते ते चूकच आहे, त्याला मतदान पण नको. पण त्याच ध्रुवला सुपरहिरो म्हणायचं की नाही, हा प्रश्न वेगळा, तो पुस्तक उघडून सुटत नाही, तो आपण सुपरहिरो कोणाला म्हणतो त्याच्यावर आहे. त्याच राज कॉमिक्सच्या नागराजचं 'बाजू: हिरो' पण अर्धवट, पहिल्याच कॉमिकमध्ये १९८६ ला प्रोफेसर नागमणी त्याला अतिरेक्यांसाठी हत्यार म्हणून बनवून आणतो, सुधरला नंतर. या दोन तऱ्हेचे प्रश्न आपण एकाच चमच्याने वाढले, आणि दोन्हीला हात वर करायला लावले. सोसायटीची पाण्याची टाकी कधी धुवायची ते बहुमताने ठरते, पुस्तकात काय लिहिलंय ते नाही ठरत.

'शेरा' रकान्यात पाच जणींपुढे 'मेरी सू' लिहिलंय ते मी सरळ उडवणार आहे, सांगून ठेवतो. १९७३ ला पॉला स्मिथ नावाच्या बाईंनी स्टार ट्रेकच्या फॅन कथांची टर उडवायला ते पात्र लिहिलं, साडेपंधरा वर्षांची पोरगी आणि सगळ्यात लहान लेफ्टनंट, सगळं येते तिला. एका गमतीचं नाव. आता जी कोणी बाई पहिल्या झटक्यात जिंकली तिच्यावर ते फेकतात. बॅटमॅनला कराटे येते, केमिस्ट्री येते, विमान चालवता येते, पैसा आहे, दुःख पण आहे, त्याच्यापुढे शेऱ्याचा रकाना कोरा. काहून?

लेखकाचं म्हणणं अंतिम धरायचं असं पण दोघं-तिघं म्हणत होते. ठीक, पण लेखक पण कुठे आणि कधी बोलला ते बघायला लागते. हॅरी पॉटरमधला डंबलडोर गे आहे हे लेखिका रोलिंग बाईंनी ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यक्रमात सांगितलं, शेवटचं पुस्तक जुलैत येऊन गेलं होतं. सातही पुस्तकं वाचलेल्या माणसाला तो शब्द कुठेच सापडला नव्हता. मग ते लेबल पुस्तकाचं की बाईंचं? माझ्या मते बाईंचं, आणि तसं लिहायला काय हरकत आहे, ते खोटं होत नाही त्याने. उलट कंपनीचं बघा, २०१४ च्या एप्रिलमध्ये स्टार वॉर्सवाल्यांनी जुन्या शेकडो पुस्तकांवर एकगठ्ठा 'लेजंड्स'चा शिक्का मारला. १९९१ पासून ज्यांनी त्यातल्या मारा जेड या पात्रावर जीव लावला त्यांना एका सकाळी कळलं की ती झालीच नाही. पुस्तक तेच, कपाट तेच, पान पण मुडपलेलं तिथेच.

हे लेबल लावणारा कोण ते लपवायची सवय आपल्याला नाही हो, निदान नागपूरला तरी नाही. तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, काळी आणि पिवळी, आणि मागे बडगे, सगळे मिरवणुकीतले पुतळेच. बांबू, कागद, गवत, वर कपडे, आणि गळ्यात पाटी. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, कोणता पुढारी. माझ्याकडे दरवर्षी त्या पाट्या येतात. एका साली पहाटे सहाला शटर वाजलं, बघतो तर एक पोट्टा सायकलवर, म्हणते, 'काका लवकर पाटी बदलून द्या, रात्री बातमी आली, पुतळा तोच राहू देतो.' दिली बदलून. सकाळी ज्याच्यावर टोमॅटोचा भाव लिहिला असता तो दुपारी दुसराच कोणीतरी झाला, मिशी पण तीच, फक्त पाटी वेगळी, आणि लोक 'घेऊन जा गे मारबत' करत तेवढ्याच जोमात ओरडले. पण त्या पाटीच्या खाली, बारीक अक्षरात का होईना, मोहल्ल्याचं नाव असते. अमुक मोहल्ल्याचा बडग्या. हे आम्ही म्हणतो, या आमच्याशी भांडायला. एवढी हिंमत त्या पोट्ट्यात होती.

आता ज्या लेबलाशी मी खरोखर अडलो ते. अनुक्रमांक ८७. शेरलॉक होम्स. प्रकार: माणूस. बाजू: हिरो. शेरा: कोरा.

तो कोरा कसा राहिला ते आठवा. ती नववीतली पोरगी, मोठे हेडफोन लावून येते, गच्चीवर खालच्या रस्त्याचे हॉर्न वाजले की डोळे मिटते, आणि कोणाशी फार बोलत नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा उभी राहिली. म्हणाली, 'शेराच्या रकान्यात ऑटिस्टिक लिहा. तो माझ्यासारखा आहे.' आणि नुसतं म्हटलं नाही, पानं काढून आणली होती तिने, पेन्सिलने खुणा करून. एकशे चाळीस तऱ्हेच्या तंबाखूच्या राखेवर त्याने लिहून ठेवलंय ते दाखवलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला माहीत नाही आणि माहीत झालं तर विसरायचा प्रयत्न करेन म्हणतो, कारण त्याच्या कामाचं नाही, ते दाखवलं. आपल्यातल्या कोणीच त्या दिवशी एवढी तयारी करून आलं नव्हतं, वांडावाल्यांनी पण नाही.

आणि आपण काय विचारलं? 'डॉयलने कुठे लिहिलंय?' शेरलॉक लिहिणाऱ्या डॉयलने नाहीच लिहिलं. कसं लिहील? आज आपण ज्या अर्थाने तो शब्द वापरतो, त्याचा कॅनर नावाच्या डॉक्टरचा पेपर १९४३ चा, आणि डॉयल गेला १९३० ला. ज्या अर्थाचा जन्म व्हायचा होता तो त्याच्या तोंडून मागणं म्हणजे शिवाजी महाराजांचा आधार कार्ड नंबर विचारण्यासारखं आहे. मग एक जण म्हणाला सिरीजमध्ये तो स्वतःच सांगतो की मी हाय फंक्शनिंग सोशिओपाथ आहे, तेच लिहू. खरंय, बीबीसीच्या शेरलॉकमध्ये म्हणतो तसं. पण तो ज्या तोऱ्यात म्हणतो ते बघा ना, समोरच्याचं तोंड बंद करायला म्हणतो, ते काही सर्टिफिकेट नाही. पात्राने स्वतःबद्दल सांगितलेलं पण कोणापुढे आणि कशासाठी सांगितलं ते बघायला लागते. कर्ण कृष्णापुढे एकांतात बोलतो ते वेगळं आणि हा पोलिसांपुढे फेकतो ते वेगळं.

पण हे मी आता दुकानात बसून लिहितोय, त्या दिवशी नाही बोललो. मतदान झालं. १७ विरुद्ध २. दोनमधला एक हात तिचाच होता. सतरामध्ये माझा होता. मी विचार पण केला नाही, पोह्यांवर शेव टाकून घेत होतो आणि दुसरा हात वर केला. तिने आपली वही बंद केली, हेडफोन लावले, आणि पुढच्या महिन्यात आली नाही. त्याच्या पुढच्या पण नाही. आपल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही, मला पण फाईलमधला तो ८७ नंबर समोर येईपर्यंत नाही.

म्हणून थांबवलं.

मी म्हणत नाही की तिचं वाचन हेच सत्य म्हणून मोठ्या अक्षरात छापा. तिने पण कुठे म्हटलं होतं की डॉयलच्या मनात हेच होतं? ती म्हणाली 'माझ्यासारखा', आणि आधार दाखवला. ते वाचणारीचं लेबल आहे, आणि वाचणारीच्या नावाने ते शंभर टक्के खरं आहे. आपण त्याला लेखकाच्या रकान्यात बसवायला गेलो आणि मग बसत नाही म्हणून फेकून दिलं. रकाना आपला चुकला.

तर माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक लेबलावर 'कोण म्हणतं' आणि 'कधीपासून' या दोन ओळी वाढवा. गोष्टीतला दुसरा कोणी म्हणतो, पात्र स्वतः म्हणते, लेखक बाहेर बोलला, कंपनीने ठरवलं, कोर्टाने ठरवलं, की आपण वाचणारे म्हणतो. एकापेक्षा जास्त असतील तर खाली खाली लिहा, भांडणारी भांडतील उभी राहून, प्रदर्शनात तेच तर पाहिजे, नाहीतर लोक सेल्फी काढून फुटाळा तलावावर निघून जातील. मतदान बंद. चोपडी राहू द्या, पण पेन्सिलने लिहा, वांडाचं काय होईल पुढच्या वर्षी कोणाला माहीत.

साईज ४ बाय २ ची ४ बाय ३ करावी लागेल. एका शीटवर वीसऐवजी बारा बसतील, म्हणजे सहा शीट लागणार होत्या त्याच्या दहा. वरच्या चार शीट आणि लॅमिनेशन माझ्याकडून, त्याचं बिल नाही. अक्षर ७ पॉइंटच्या खाली नेणार नाही, काकांना चष्मा लावून पण वाचता येत नाही मग.

पाच लेबलांचं प्रूफ करून काल रात्री समितीला पाठवलंय, वांडा, वुल्व्हरिन, कर्ण, ध्रुव आणि शेरलॉक. शुक्रवारपर्यंत बघून ओके सांगा, शनिवारी मसाल्याचं मोठं काम लागलंय, त्याच्या आत मशीन मोकळी आहे. शेरलॉकच्या प्रूफमध्ये शेऱ्याच्या खाली लिहिलंय 'कोण म्हणतं: वाचणारी, इयत्ता नववी, नागपूर'. नावाची जागा सोडून ठेवली आहे. तिच्या आईचा नंबर गच्चीवाल्या ताईंकडे आहे, मी आज संध्याकाळी दुकान बंद करून फोन करतो, आधी त्या दिवशीच्या हाताबद्दल बोलायचं आहे, मग विचारतो नाव टाकायचं की नको, आणि टाकायचं असेल तर स्पेलिंग. ती नको म्हणाली तर ती ओळख जशी आहे तशीच जाईल, आणि लेबलच नको म्हणाली तर ८७ नंबर कोरा जाईल, पण मग तो तिच्या म्हणण्याने कोरा असेल.

तुमचाच,
सीताबर्डीचा लेबलवाला